भिंतीवरून उतरलेला पर्वत

श्रीगजाननाला वंदन. त्याच्या मातेला, पर्वताच्या लेकीला वंदन. आज हरितालिका. माझी पत्नी हयात असताना या दिवशी ती वाळूची पिंडी करून पूजा मांडी आणि मी शेजारी बसून मंत्र सांगत असे. आज येथे, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, मुलाच्या घरात, मी एकटाच देव्हाऱ्यासमोर बसलो होतो. पूजा झाली. उठवेना. तेव्हा कागद पुढे ओढला.

जे लिहिणार आहे ते मी कुणालाही सांगितलेले नव्हते. सहा वर्षे. पत्नी असती तर तिला सांगितले असते का? खरे सांगू — तिलाही नसते सांगितले. तिने एका नजरेत ओळखले असते, ही गोष्ट वेगळी.

एका माणसाने चित्रे काढणे थांबवले. माझ्यामुळे. आणि का थांबवले याचे खरे कारण त्याला मरेपर्यंत कळले नाही. एवढेच आहे. पण एवढेच लिहून थांबलो, तर तुम्ही म्हणाल, शास्त्रीबोवांनी स्वतःला फार स्वस्तात सोडवले. म्हणून सविस्तर सांगतो. मी थकलो आहे, मधे मधे थांबेन. तुम्ही घाई करू नका.

मी कृष्णाकाठच्या एका गावी पाठशाळेत शिकलो, आणि पुढे तेथेच चौतीस वर्षे शिकवले. दोन हजार एक साली पत्नी गेली. त्याच हिवाळ्यात मुलगा श्रीधर मला इकडे घेऊन आला. तो मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. त्याची पत्नी यूलान चिनी आहे. दोघे विद्यापीठात एकत्र शिकत होते; तिला मराठी येते ते घरातल्या बोलण्यापुरते. लग्नाच्या वेळी मी बरेच दिवस बोललो नव्हतो, तेही येथे लिहून ठेवतो — पण तो माझा लपवलेला दोष नव्हे, तो सर्वांनी पाहिलेला आहे. यूलानने मात्र मला कधी त्याची आठवण करून दिली नाही. मी आलो त्या दिवसापासून ती मला ‘बाबा’ म्हणे, आणि माझ्या सोवळ्याच्या पंच्याला हात न लावता तो ड्रायरमधून कसा काढावा, याची तिने एक युक्ती शोधून काढली होती. स्वयंपाकघरातल्या लाकडी चिमट्याने.

तिचे वडील जवळच, पंधरा मिनिटांच्या अंतरावर, वृद्धांसाठी असलेल्या इमारतीत एकटे राहत. श्रीधरची मित्रमंडळी त्यांना चेनकाका म्हणत. त्यांच्या देशात असताना ते शाळेत चित्रकला शिकवीत असत. दर रविवारी यूलान त्यांना घेऊन येई. मला चिनी येत नाही, त्यांना मराठी नाही, आणि आम्हा दोघांचे इंग्रजी असे की पाऊस, चहा आणि गुडघे या तीन विषयांपलीकडे जाऊ शकत नसे. तरी आम्ही दोघे जेवणाच्या मेजाशी सकाळभर बसत असू. कसे बसत असू सांगतो.

मी गंध उगाळीत असे. सहाणेवर थोडे पाणी, चंदनाचे खोड, आणि सावकाश गोल गोल. ते समोर बसून शाई उगाळीत. त्यांचीही एक काळी दगडी सहाण, तिच्यात पाणी साठायला खोलगट जागा, आणि शाईची कांडी. तसेच थोडे पाणी, तसेच गोल गोल. पहिल्या रविवारी हे पाहिले तेव्हा माझा हात थांबला. त्यांचाही थांबला. ते माझ्या सहाणेकडे पाहून हसले, बोटाने थोडे गंध घेतले, हुंगले, आणि आपल्या शाईची कांडी माझ्या नाकाशी धरली. तिला कापरासारखा वास होता. आयुष्यात इतक्या थोड्या वेळात मला कुणी इतके ओळखले नसेल.

हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे. नाहीतर तुम्हाला वाटेल, परका माणूस, परका धर्म, म्हणून म्हाताऱ्याच्या मनात अढी बसली. तसे नव्हते. तसे असते तर मला आज कमी लाज वाटली असती.

दोन हजार दोनच्या वैशाखात श्रीधरने हे घर घेतले. वास्तुशांत मीच केली. वर हॉलमध्ये, ईशान्येच्या कोपऱ्यात देव्हारा मांडला. त्याच्या वरची पूर्वेची भिंत मोकळी होती, आणि त्या भिंतीसाठी मी मनात एक वस्तू ठरवून ठेवली होती — माझ्या वडिलांच्या हातच्या पोथीचे एक पान. देवीचे स्तोत्र. अक्षर असे की मुंग्यांची रांग शिस्तीत चालली आहे. श्रीधरने ते काचेत बसवून घेतले, माझ्या तळघरातल्या खोलीत लावले आणि म्हणाला, “बाबा, इथे तुमच्या डोळ्यांसमोर राहील. वर हॉलमध्ये लाइट फार येतो, शाई फेड होईल.”

कारण योग्यच होते. पण त्याच आठवड्यात चेनकाकांनी वास्तुशांतीची भेट म्हणून एक चित्र आणले, आणि ते वर हॉलमध्ये, त्याच भिंतीवर, त्याच उजेडात लागले.

शाईने काढलेला पर्वत होता. उंच, अरुंद कागद, रेशमी पट्टीवर चिकटवलेला, खाली लाकडी दांडी. पर्वताचा पायथा गडद, खडकांच्या अंगावर ब्रश आडवा ओढून काढलेल्या कोरड्या रेघा, मधे धुके, आणि धुक्याच्या वर, जणू कशाचाच आधार नसलेले, शिखर. मी जवळ जाऊन पाहिले तर धुक्याच्या जागी काहीच काढलेले नव्हते. नुसता कागद. मी यूलानला विचारले, “हे अपुरे आहे का?” तिने वडिलांना विचारले, ते हसले आणि बराच वेळ बोलले. यूलान म्हणाली, “बाबा, ते म्हणतात, मोस्ट डिफिकल्ट पार्ट तोच आहे. हात आवरायचा.”

हात आवरायचा. हे शब्द तेव्हा मी कौतुकाने ऐकले होते.

पुढे काय झाले? काहीच झाले नाही. घरी येणारा प्रत्येक माणूस त्या चित्रापुढे उभा राही. मी पूजा करीत असलो तरी माझ्या डोक्यावरून त्याचे डोळे तिकडे जात. “वा, काय शांत वाटतं!” “हे रिअल आहे? हाताने केलंय?” मी घंटा वाजवीत असे आणि माझ्या पाठीमागे लोक दुसऱ्याच्या पर्वताला दाद देत. चौतीस वर्षे माझ्या शब्दावर माना डोलावणारी मुले समोर बसत होती हो. येथे मी बोललो की लोक आदराने गप्प बसत आणि संपण्याची वाट पाहत. मत्सर हा शब्द मी किती श्लोकांत शिकवला असेल! त्याचा अर्थ मला त्या भिंतीने शिकवला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. येणे भागच आहे.

श्रावणात सत्यनारायण होता. पाच-सहा मराठी कुटुंबे आली होती. चेनकाका त्या दिवशी नव्हते, त्यांना सर्दी झाली होती. आरती झाली, प्रसाद वाटला जात होता. श्रीधरच्या मित्राची पत्नी नीलिमा, मूळची नागपूरची, हसरी बाई, शिऱ्याची वाटी हातात घेऊन भिंतीकडे पाहत म्हणाली, “शास्त्रीकाका, एक डाउट आहे. देवाच्या डोक्यावर हा एवढा डोंगर चालतो का हो? नॉर्थ-ईस्टला हेवी काही नको म्हणतात ना.”

तिचा नवरा म्हणाला, “अगं, कागद आहे तो. हेवी कसला? दोनशे ग्रॅम.”

“तुम्ही गप्प बसा हो. तुम्ही गराजमध्ये देव ठेवायला निघाला होता. काकांना बोलू दे.”

सगळे हसले आणि माझ्याकडे वळले. सगळे. कितीतरी दिवसांनी.

मी काय म्हणायला हवे होते? ‘मला ठाऊक नाही.’ किंवा, ‘चालतो, बाई. कैलासावर तर देवच राहतो.’ दोन्ही खरे होते. दोन्ही सोपे होते.

पाठशाळेत आम्हाला एक खेळ शिकवीत. गुरुजी श्लोकाचा शेवटचा चरण देत आणि विद्यार्थ्याने बाकीचे तीन तिथल्या तिथे रचायचे. मी त्यात तरबेज होतो. तबकातले तुळशीचे पान उचलून ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात मी एक अनुष्टुभ रचला आणि ‘शास्त्रवचन असे आहे’ म्हणून, प्राचीन असल्यासारखा, स्वर लावून म्हटला. कोणत्याही ग्रंथात तो नव्हता. त्या क्षणापूर्वी तो जगातच नव्हता.

तो श्लोक मी येथे लिहिणार नाही. लिहिला तर तो आणखी कुणाच्या घरात जाईल. अर्थ तेवढा सांगतो: ज्याच्या घरी ईशान्येस चित्रातला पर्वत असतो, त्याचा वंश वाढत नाही.

वंश. हाच शब्द का आला माझ्या तोंडात? वृत्तात धनही बसले असते, आरोग्यही बसले असते. यूलानचे दोन गर्भ त्याआधीच्या दोन वर्षांत गेले होते. मला ठाऊक होते. दुसऱ्या वेळी मी इकडे राहायला आलेलो होतो, तिच्या खोलीच्या बंद दाराबाहेर जेवणाचे ताट ठेवणारा मीच होतो. मग हा शब्द आपोआप आला का? नाही. हा शब्द तेथे लागेल हे जाणूनच मी तो उचलला. हीच ती गोष्ट. हीच मी सहा वर्षे गिळून बसलो होतो.

मी मराठीत अर्थ सांगितला आणि हसणे थांबले. यूलानने श्रीधरला विचारले, “व्हॉट डिड बाबा से?”

“काही नाही, ओल्ड व्हर्स आहे एक.”

“श्री, एव्हरीवन स्टॉप्ड स्मायलिंग. टेल मी.”

श्रीधरने माझ्याकडे पाहिले. तो दोन क्षण तरी थांबला. त्या दोन क्षणांत मी बोलू शकलो असतो. मी पळी-पंचपात्र आवरायला घेतले. त्याने तिला हळू आवाजात इंग्रजीत सांगितले. तिने प्रसादाची वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला वर आलो तर भिंतीवर नुसता खिळा होता. संध्याकाळपर्यंत त्या खिळ्यावर माझ्या वडिलांच्या पोथीचे पान आले. श्रीधरनेच लावले. शाई फेड होण्याची आठवण त्याने काढली नाही, मीही काढली नाही. त्या पानाच्या पहिल्याच ओळीत देवीला पर्वताची कन्या म्हटले आहे. आमच्याकडे येणाऱ्यांत ते अक्षर वाचणारा कुणी नव्हता. मी होतो. रोज वाचीत होतो.

पुढच्या रविवारी चेनकाका आले. त्यांनी भिंतीकडे पाहिले, मग मुलीकडे. यूलान त्यांच्या भाषेत बोलू लागली. मला एक शब्दही कळला नाही, पण ती बोलताना एकदा तिने नकळत आपल्या पोटावर हात ठेवला, तेवढे मी पाहिले. ते ऐकत राहिले. मग उठले, माझ्यासमोर आले, आणि दोन्ही हात जोडून खाली वाकले. आमच्या घरी येऊन ते नमस्कार शिकले होते, थोडा चुकीचा, बोटे पसरलेली. यूलान म्हणाली, “बाबा, ते सॉरी म्हणतात. त्यांना माहीत नव्हतं.”

त्यांनी माझी क्षमा मागितली. मी काय केले? मीही हात जोडले. क्षमा केल्यासारखे.

त्या दिवशी ते चित्र गुंडाळून घेऊन गेले. त्यानंतर शाईची सहाण त्यांनी पुन्हा आणली नाही. ते येत, चहा घेत, मी गंध उगाळीत असे तिकडे पाहत बसत. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, नखाच्या कडेला, कायम काळी रेघ असे. ती महिन्या-दोन महिन्यांत फिकट झाली आणि नाताळच्या सुमारास बोट अगदी स्वच्छ झाले. मी दर रविवारी त्या बोटाकडे पाहत असे. यूलान एकदा श्रीधरला सांगत होती की वडील आता पर्वत काढत नाहीत, आणि दुसरे काही काढण्यात त्यांना रस नाही. “ही सेज ही इज रेस्टिंग,” ती म्हणाली.

आता जे सांगतो ते मला सर्वांत जड जाते. पुढच्या वर्षी मुलगी झाली. सुखरूप.

यूलान इस्पितळातून घरी आली आणि बाळाला घेऊन आधी माझ्याकडे आली. वाकली. “बाबा, यू वेअर राइट,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. सांगा, तेव्हा मी खरे बोललो असतो तर? मी स्वतःला समजावले की तिचा आनंद मोडायला नको. पण खरे ते नव्हते. मला तिचे ते वाकणे हवे होते. खोटे फळाला आले होते आणि मी ते दोन्ही हातांनी घेतले.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा श्रीधर म्हणाला, “आजीचं नाव ठेवू या.” माझ्या आईचे नाव गिरिजा. मी नको म्हटले. त्या नावात पर्वत आहे, आणि घरात पर्वत नको असे शास्त्र मीच सांगून बसलो होतो. मुलीचे नाव मीरा ठेवले. आईचे नाव नाकारण्यापर्यंत माझा श्लोक मला घेऊन गेला.

आणि तो श्लोक एका घरात थांबला नाही. दोन वर्षांनी नीलिमाच्या बहिणीकडे न्यू जर्सीला, एडिसनला, वास्तुशांतीसाठी गेलो होतो. दारातच ती म्हणाली, “काका, तुमचा श्लोक ईमेलवर आला होता, आम्ही तर लॅमिनेट करून लावलाय! ह्यांच्या मित्राने रेडमंडहून एवढं मोठं बर्फाच्या डोंगराचं पोस्टर पाठवलं होतं, ते डायरेक्ट गराजमध्ये.”

तिचा नवरा कुरकुरला, “छान होतं यार ते.”

“छान असू दे. काका, कुठल्या ग्रंथातला हो तो?”

मी म्हणालो, “आता स्मरणात नाही.”

प्लास्टिकच्या आवरणात माझे खोटे देवाशेजारी ठेवलेले होते आणि मी त्याच देवाची प्रतिष्ठा केली. हे दुसरे. पहिले मत्सराने केले, असे तरी म्हणता येईल. हे नुसत्या भित्रेपणाने.

या वर्षीच्या थंडीत चेनकाका गेले. झोपेतच. यूलानने त्यांची खोली आवरली आणि एक खोके घेऊन आली. ते पर्वताचे चित्र खोलीत नव्हते. कपाटात नाही, पलंगाखाली नाही. इमारतीतल्या कुणाला दिले नव्हते. मुलीला धोका होईल अशी वस्तू त्यांनी स्वतःजवळसुद्धा ठेवली नसावी. काय केले असेल त्याचे, कोणत्या हातांनी केले असेल — मला ठाऊक नाही आणि कधीच कळणार नाही. खोक्यात शाईची दगडी सहाण होती, कोरडी, स्वच्छ धुतलेली. कांडीला मधोमध तडा गेला होता.

ती सहाण घेऊन यूलान माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाबा, ही तुमच्या सहाणेजवळ ठेवू? दे यूज्ड टू सिट टुगेदर.”

मी हो म्हटले. त्यानंतर रोज सकाळी गंध उगाळताना शेजारी ती असे. वसंत गेला, उन्हाळा गेला. गेल्या सोमवारी मी यूलानला सांगितले. श्रीधर कामावर होता, मीरा शाळेत, आणि यूलान भांडी धूत होती. माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो, “यूलान, दॅट श्लोक. आय मेड.”

तिला आधी कळले नाही. “मेड? यू मीन, ट्रान्सलेटेड?”

“नो. नो बुक. आय मेड.”

तिने नळ बंद केला. ओले हात तसेच धरून उभी राहिली. मला वाटले ती ‘का’ विचारेल. त्याचे उत्तर मी बरेच दिवस तयार करीत होतो. तिने ते विचारले नाही. तिने विचारले, “डिड ही नो?”

“नो,” मी म्हणालो.

ती वर गेली. त्या संध्याकाळी श्रीधरने माझ्या खोलीत येऊन पाण्याचा तांब्या ठेवला आणि जाताना दार ओढून घेतले. आज सहा दिवस झाले. यूलान सकाळी माझा चहा करून ठेवते, झाकण घालून, पूर्वीसारखाच. ‘बाबा’ अशी हाक तिने मारलेली नाही. दगडी सहाण तिने माझ्याजवळून नेली. तिची ती आहे, न्यायलाच हवी होती. पोथीचे पान मी स्वतः खिळ्यावरून काढून खाली आणले. ती भिंत आता रिकामी आहे. तेथे काय लावायचे, किंवा काहीच लावायचे नाही, हे ती ठरवील.

नीलिमाला आणि तिच्या बहिणीला मी पत्रे लिहिली आहेत. ज्यांची नावे ठाऊक नाहीत अशा घरांसाठी हा कागद.

तुमच्याकडून मला काही नको. येथवर वाचलेत, त्याबद्दल शेवटी आशीर्वाद द्यावा, अशी आमची रीत. आयुष्यभर तो मी संस्कृतात दिला, आणि लोकांनी अर्थ न विचारता मस्तक लववले. तो अधिकार मी आता वापरणार नाही. साध्या मराठीत देतो, प्रत्येक शब्द तुम्हाला तपासून घेता येईल असा. तुमच्या घरी सर्वांना आरोग्य लाभो. लेकीसुनांच्या कुशी सुखरूप राहोत. तुमच्या वडीलधाऱ्यांच्या हातांना अखेरपर्यंत त्यांचे काम असो. आणि तुमच्या भिंतीवर कुणी प्रेमाने दिलेला पर्वत असेल, तर तो जेथे आहे तेथेच राहो.